शेरूमार्फत

समोरच्या ओट्यावर रोज सकाळी कमलकाकू चहाचा कप ठेवतात आणि पायरीवर पसरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला म्हणतात, "शेरू, सांग त्यांना, चहा निवतोय." तिथंच पेपर वाचत बसलेले काका मान वर न करता म्हणतात, "शेरू, काल साखर जास्त झाली होती म्हणावं." शेरू शेपटी हलवतो. मुलाच्या लग्नावरून या नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं, त्याला आता तीन वर्षं होतील.

कुत्रा माणसाकडे आला तो बहुधा राखणीला. पुढं त्यानं मेंढरं वळली, शिकारीचा माग काढला, पोलिसांना चोर हुंगून दिले, आंधळ्यांना वाट दाखवली. ही कामं आपणच त्याला शिकवली. पण रुसलेल्या दोन माणसांच्या मधे नुसतं पडून राहायचं, हे त्याला कुणी शिकवलं? मला तर हेच सगळ्यांत अवघड वाटतं. मी एकदा मध्यस्थी करायला गेलो आणि दोघांचीही बोलणी खाऊन आलो.

परवा काका आणि मी शेरूला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. वयोमानानं त्याचे कान पूर्ण गेलेत, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी घरी येऊन ते शेरूलाच ऐकवलं, म्हणजे काकूंना कळलं.

आज सकाळी काकू पुन्हा, "शेरू, सांग त्यांना..." म्हणाल्या. मला राहवलं नाही.

"काकू, त्याला कुठं ऐकू येतंय आता?"

"त्याला नाही येत," पेपराकडे बघत काकू म्हणाल्या, "यांना येतं ना!"