पडद्यामागची जागा

मी गाव सोडलं तेव्हा रोवणे, म्हणजे धानाची लावणी, चालू होते. आमची स्वतःची जमीन म्हणजे तलावाच्या पार शेपटाला असलेली धानाची एक बांधी. वरच्यांच्या बांध्या भरून उरलं तर पाणी आमच्याकडे यायचं, आणि बहुतेक वर्षी उरायचं नाही. म्हणून बाबा दुसऱ्याच्या नांगरावर आणि माय दुसऱ्याच्या रोवण्यात, हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं. दिवसभर धान रोवणाऱ्या बाईच्या घरी श्रावणात तांदूळ नसायचा. पेज पातळ होत होत एक दिवस वाटीत स्वतःचं तोंड दिसायला लागायचं. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. आहे आणि ती पेज पिऊन झालो आहे.

त्या दिवशी माय बांधीतून सरळ सडकेवर आली. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपरापर्यंत चिखल. माझ्या अंगात मावसभावानं दिलेला टेरिकॉटचा शर्ट होता, म्हणून तिनं मला हात लावला नाही. हात दुमडून कोपराच्या वरच्या कोरड्या जागेनं माझी हनुवटी उचलली आणि म्हणाली, "जा बापू. तुले वाचता येते. तू समोर जा." मग जरा थांबून, "तिथले लोक डाव्या हातानं जेवतेत. थे जेवत असतीन तं जेवू दे, तू नोको जेवजो." आणि एस.टी.ची धूळ दिसायला लागली तेव्हा, हसत हसत, "अन् मोठा सायब झाला का मले एकडाव सिनेमा समोरून दाखवजो."

बाबा एस.टी.त बसून मोहाडीमार्गे स्टेशनापर्यंत सोबत आले. पॅसेंजर सुटताना खिडकीच्या गजाला धरून चालता चालता म्हणाले, "कोणी इच्यारलं, कोण आहेस, तं आंधी बी.ए. म्हणजो. नाव मंग सांगजो."

गाडी भिलाईकडे निघाली. मी दोन्ही गोष्टी कबूल केल्या होत्या. बाबांची सोपी होती.

जे माझ्या वयाचे आहेत आणि आमच्या भागातले आहेत, त्यांना "समोरून" म्हणजे काय ते कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. मंडईत दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, असायची, जिलेबी असायची आणि कधी कधी तंबूतला सिनेमा यायचा. तंबूच्या मधोमध कापडी पडदा. पुढच्या बाजूला मशीन आणि पुरुष, पडद्याच्या मागं बाया आणि लहान लेकरं. मागूनही चित्र दिसावं म्हणून पडद्यावर पाणी मारत. ओल्या कापडातून उजेड पलीकडे जायचा आणि बायांना तोच सिनेमा दिसायचा, फक्त उलटा. आरशात दिसतो तसा. नायक डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं मारायचा आणि लग्नात डाव्या हातानं कुंकू लावायचा. माय जन्मभर सिनेमा मागूनच पाहत आली होती. तिचं पक्कं मत होतं की शहरातले मोठे लोक डावखुरे असतात.

मंडई सरली की त्यावरून आमच्या घरी दरवर्षी तंटा.

"उजव्या हातानं मारला त्यानं," बाबा म्हणत.

"डाव्या. माया डोयानं पाह्यलं."

"तू मांगून पाह्यतेस व. मांगून काय दिसते? पाठ?"

"तुमी समोरून पाह्यता, तरी कोणाचं नाव वाचता येते काय तुमाले?"

इथं बाबा गप्प बसत, कारण वाचता दोघांनाही येत नव्हतं.

मागची बाजू वाईट नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. तिथं सगळ्या बाया एकमेकींना ओळखत. खलनायक पडद्यावर आला की त्या त्याला मोठ्यानं शिव्या देत आणि ओटीत गोळा करून आणलेले मुरमाचे खडे पडद्यावर मारत. पुढून पाहणाऱ्यांना त्याच्या तोंडावर आतून टेंगळं उठलेली दिसायची आणि पुरुष ओरडायचे, "अवं बायाहो, पडदा फाटन नं." माझ्या मायचा नेम चांगला होता.

मी शाळेत अक्षरं शिकलो त्या वर्षीची मंडई मला आठवते. मी मायच्या मांडीवर बसलो होतो. सिनेमाचं नाव पडद्यावर आलं आणि मला ते वाचता येईना. सगळी अक्षरं उलटी. शाळेत शिकलेलं विसरलो असं वाटून मी रडायला लागलो. मायनं आधी मला चूप केलं. मग तिच्या ध्यानात आलं की मला नाव वाचायचं आहे. तिनं मला मांडीवरून उठवलं, पडद्याच्या कडेला नेलं आणि पलीकडे ढकललं. "तू समोर जा. तुले वाचता येते."

मी बाबांच्या शेजारी जाऊन बसलो आणि नाव मोठ्यानं वाचलं. आजूबाजूच्या माणसांनी माना वळवून पाहिलं. बाबांचा चेहरा मला त्या अंधारातही दिसला. मायकडे मी परत गेलो नाही, मोठी झालेली मुलं परत जात नसत. भिलाई, क्वार्टर, हे सगळं पुढचं. माझं पहिलं स्थलांतर त्या पडद्याच्या कडेवरून झालं.

भिलाईत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून लागलो. आधी खोलीत तिघं, मग क्वार्टर, मग लग्न. "मले"चं "मला" झालं ते कॉलेजातच. "मला"चं "मुझे" इथं झालं. आता ड्यूटी, सेक्टर, शिफ्ट, सब्जी, असं बोलता बोलता मी कोणत्या भाषेत आहे ते माझं मलाच कळत नाही. सुरुवातीच्या एकटेपणात सुट्टीच्या दिवशी टॉकीजशिवाय जायला जागा नव्हती. मी समोर बसायचो, सगळी नावं वाचायचो, अगदी केस विंचरणाऱ्याचंसुद्धा.

तेव्हाच्या सिनेमांत एक माणूस असायचा. गावातून आलेला, चिडलेला, कोणापुढं मान न झुकवणारा. आम्ही खोलीतले तिघंही त्याच्यासारखे केस ठेवत होतो. तरी एक गोष्ट मला तेव्हाही खुपायची. तो सकाळी शहरात उतरायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याला काम, मैत्रीण आणि शत्रू तिन्ही मिळायचे. रोजगार कार्यालयाच्या रांगेत उभा असलेला नायक मी अजून पाहिलेला नाही. आणि त्याची आई. मुलगा बी.ए. झाल्याचं सांगत धावत आला की ती देवापुढं दिवा लावते आणि खीर करते. मी सांगितलं तेव्हा माझी माय सुपात धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "मंग आता पुळं काय?" हा प्रश्न विचारणारी आई हिंदी सिनेमात येत नाही. आमच्या भागात प्रत्येक घरात आहे.

गेल्या काही वर्षांतल्या सिनेमांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. चिडलेला माणूस अजून आहे, मात्र तो कशासाठी चिडला होता ते त्याला आठवत नाही. त्याच्या हातात आता मशीनगन असते. रंगीत मडक्यांच्या उतरंडीमध्ये नाच चालतो. गाव दाखवलं तर गव्हाचं असतं, चिखल नसतो, आणि माणसं कोणत्याच गावची नसलेली एक बोली बोलतात. इतक्या सिनेमांत मी कंबरेत वाकून धान रोवणारी एक बाई शोधत आलो. मिळाली नाही. आणि प्रत्येक सिनेमात, न चुकता, एका बाईची अब्रू लुटली जाते. नायकाला सूड घ्यायला कारण लागतं म्हणून. ते लांबवून लांबवून दाखवतात, आणि खालचे लोक त्याच वेळी शिट्ट्या मारतात. मी तिकीट काढून आत बसलेलो असतो. इतकं शिकून मी कुठं येऊन बसलो, असं वाटतं.

मध्ये मंडईला गावी गेलो तर तंबू गेलेला. शाळेच्या खोलीत भाड्यानं टीव्ही आणि व्हिडिओ आणला होता. पोट्टे खिडकीपर्यंत दाटले होते. मी मायला विचारलं, तू नाही गेलीस?

"कोठी बसू? त्या डब्याले मांगं काई दिसत नाई."

बाया घरीच होत्या. त्यांची उलटी का होईना, एक बाजू होती. तीही गेली.

बाबा वारले त्याच्या पुढच्या वर्षी मी मायला भिलाईला आणली. कायमचीच, असं माझ्या मनात होतं. कुसुमनं, माझ्या बायकोनं, तिच्यासाठी खिडकीपाशी खाट टाकली. पण ती दिवसभर दारात बसून राहायची. शेजारचे चौबेजी जाता-येता विचारायचे, "माताजी, मन लग रहा है?" ती मान हलवायची आणि ते गेल्यावर मला विचारायची, "काय म्हणून राहिले थे?" तिचं मन लागावं म्हणून मी करायचं ते सगळं करत होतो. तेव्हा मला तिनं सडकेवर मागितलेलं आठवलं. तिला काही हवंसं वाटावं, इथं राहावंसं वाटावं, तर तेच.

चांगल्या टॉकीजची बाल्कनीची तिकिटं काढली. सिनेमा घरगुती आहे, आई-मुलाचा आहे, असं स्टोअरमधल्या माणसानं खात्रीनं सांगितलं होतं. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. गादीच्या खुर्चीत ती पाय वर घेऊन बसली. दिवे गेले. नावं यायला लागली तसं तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. "वाच." मी वाचायला लागलो. मागून कोणी "शू" केलं, तरी मी वाचत राहिलो. केस विंचरणाऱ्याचं नावही वाचलं.

मग नायक घरी आला आणि जेवायला बसला. मायची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली.

"हा तं उजव्या हातानं जेवते."

"हो माय."

"सगळेच?"

"सगळेच. आधीपासून."

पडद्यावर कोणी तरी गाणं म्हणत होतं. मग ती हळूच म्हणाली, "तुये बाबा खरं सांगत होते गा." आणि जराशानं, "आता कोणाले सांगू?"



मध्यंतराच्या थोडं आधी तो प्रसंग आला. नायकाची बहीण, बंद खोली, दारू प्यायलेली माणसं. आई-मुलाच्या सिनेमातही तो होताच. खालून शिट्ट्या सुरू झाल्या. कोणी खुर्चीवर उभा राहिला. मायनं आधी पडद्याकडे पाहिलं, मग खाली त्या माणसांकडे पाहिलं. तिला पडद्यावरचं समजत होतं, खालचं समजत नव्हतं.

"हे लोक कायले शिट्ट्या मारून राहिले?"

तिची उजवी मूठ वळलेली मला दिसली, मंडईत वळायची तशी. पण बाल्कनीत मुरमाचे खडे नसतात. तिनं मूठ तशीच मांडीवर ठेवली, डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि दिवे लागेपर्यंत मान वर केली नाही. दिवे लागल्यावर म्हणाली, "घरी चाल बापू."

रिक्षात ती म्हणाली, "मांगं होतो तवा बायाच बाया होत्या. मले वाटे, समोरचे लोकई अस्सेच चिडत असतीन. थे तं शिट्ट्या मारत होते काय रे तवापासून?"

नव्हते मारत, असं मी सांगितलं. बाबा तर नक्कीच नव्हते. तिनं विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही.

धानकापणीचे दिवस आले तसं तिनं गावी जायचं काढलं. कुसुमनं हात धरला, मीही पुष्कळ सांगितलं. ती म्हणाली, "इथं सगळं समोर आहे. मले बसाले जागा नाई." तिला गाडीत बसवताना मी प्लॅटफॉर्मवर उभा होतो आणि ती खिडकीत होती. त्यानंतर ती भिलाईला आली नाही. धानाची दोन पिकं निघाली आणि ती गेली. तार आली तेव्हा मी ड्यूटीवर होतो. पोचलो तोवर तिला वैनगंगेवर नेलं होतं. घराला आता कुलूप आहे. चुलत्याकडे किल्ली असते, मी मागत नाही.

परवा त्याच टॉकीजमध्ये एकटाच गेलो होतो. खेळ सुटल्यावर, काय मनात आलं कोण जाणे, गेटकीपरला म्हणालो, मला पडद्याच्या मागं पाहायचं आहे. "पीछे क्या है बाबूजी, कुछ नहीं," तो म्हणाला, पण त्यानं नेलं. मागं भिंत होती. पडदा आणि भिंत यांच्यामध्ये लाकडी खोक्यात भोंगे ठेवलेले, वटवाघळांची घाण, आणि एक माणूस अंग तिरकं करून कसाबसा जाईल एवढी फट. बसायला जागा नव्हती.

गावात राहिलेले तुम्ही पत्र टाकता की तुझं बरं झालं, तू सुटलास. माझ्यासारखे निघून आलेले भेटतात तेव्हा विचारतात, घर कुठलं? मी भंडारा जिल्हा म्हणतो, मोहाडीकडचं. खरं म्हणजे मला ओल्या पडद्याची मागची बाजू सांगायची असते, जिथं अक्षरं उलटी होती आणि मला वाचता येत नव्हतं. ते घर कोणत्या गाडीनं गाठायचं, मला ठाऊक नाही.

बाकी जे मिळवायचं ते मिळालं. मी बी.ए. झालो. नोकरी पक्की आहे. घरात श्रावणातही तांदूळ असतो. मुलगी इंग्रजी शाळेत जाते. आणि माझ्या मायला मी एक हिंदी सिनेमा समोरून दाखवला, मध्यंतरापर्यंत.