दगडी पखवाजवादक

अप्पांना ऐकू येईनासं झालं आणि मी त्यांना आवडत्या मैफिलींची रेकॉर्डिंग पाठवणं थांबवलं. आम्हा बापलेकींचं बोलणं त्या गाण्यांवरच चालायचं, त्यामुळे आता काय बोलावं तेच सुचेना. परवा संग्रहालयात एक दगडी पखवाजवादक दिसला. त्याच्यासमोर बसून मी वहीत त्याचं रेखाटन केलं आणि अप्पांकडे घेऊन गेले.

त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"उजवा हात चुकलाय का?" मी खाली लिहून विचारलं.

"छे गं, समेवर येतोय तो!" म्हणत अप्पांनी मांडीवर थाप दिली.

कान गेले म्हणून गाणंही गेलं, हे मीच परस्पर ठरवून टाकलं होतं. अप्पा मात्र वहीचं पुढचं कोरं पान उघडून विचारत होते, "आणखी कोण कोण वाजवतंय तिथं?"