बहिणीचं कातडं

धाकट्या बहिणीच्या अंगाला कपड्याची शिवण घासली तरी फोड यायचे. जन्मापासूनच. सोयगावकडच्या आमच्या समस्त नातेवाइकांना या रोगाचं कारण ठाऊक होतं. शोधत बसले होते ते फक्त डॉक्टर. आत्याचं निदान सगळ्यात पक्कं : दोष आईच्या माहेरचा.

लागोपाठ दुष्काळ पडला तेव्हा मेंढरं विकून आम्ही शहरात, गारखेड्यात भाड्याच्या खोलीत आलो. बा शेंद्र्याला कारखान्यात लागला. शहर जोरात वाढत होतं. समोर पोहण्याच्या तलावासकट इमारत उभी राहत होती, अन् आई बहिणीच्या जखमा धुवायला टँकरमागं हंडा घेऊन पळत होती.

दवाखान्यातल्या मॅडमनी एकदा समजावून सांगितलं. परदेशात अशा रुग्णाच्या कातड्याचा लहानसा तुकडा घेतात, त्यातल्या पेशी वाढवतात, बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत त्यांच्यात घालतात आणि त्यातून तयार झालेलं कातडं जखमेवर लावतात. इथं तूर्त तपासणी अन् संशोधनापुरता तुकडा देता येईल. आई-बाचं रक्तही लागेल.

बहिणीनं दंड पुढं केला. जागोजाग सोललेलंच होतं, त्यात आणखी चिमूटभर. त्या पेशी राहणार कुठं, एवढंच तिनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, प्रयोगशाळेत, बेताच्या उबेत, वेळच्या वेळी अन्नपाणी देऊन.

"म्हंजे माझ्यापेक्षा बरं हाय त्यांचं," ती म्हणाली.

निकाल ऐकायला आत्या मुद्दाम गावाहून आली. आईची खोड सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध होणार, तर साक्षीदार नको? मॅडमनी सांगितलं, की बिघडलेली एकेक प्रत आई अन् बा, दोघांकडूनही आलेली आहे. एकाच प्रतीनं त्रास होत नाही, म्हणून दोघांनाही कधी कळलं नाही.

आत्या म्हणाली, मशीन चुकलं असंल.

तिच्यापुढं कधी मान वर न केलेली आई शांतपणे म्हणाली, "वन्सं, मशीनला माहेर-सासर नसतंय."

परतीच्या रिक्षात आत्या एक शब्द बोलली नाही. आमच्या घराण्यात हा चमत्कार मोठाच.

तो उपचार बहिणीपर्यंत अजून पोचलेला नाही. ती हातांना मऊ पट्ट्या गुंडाळून कॉलनीतल्या पोरांना गणित शिकवते. पोरं तिला टरकून असतात. फोडांमुळं नाही, ती पावकीचे पाढे विचारते म्हणून.