ढवळ्याला पोळ्याचं आवतन

आमच्या घरातला फरशी पुसणारा रोबो यंदा पोळ्याला रजेवर होता. ही रजा त्याने मागितली नव्हती. ती त्याला मी मिळवून दिली.

मी शाळकरी मुलांसाठी एक विज्ञान-कादंबरी लिहिते आहे. (इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे की काय, चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, कागदावर मात्र मी फार धीट आहे.) तिची नायिका घरकाम करणाऱ्या रोबोंच्या हक्कांसाठी लढते. जो राबतो त्याला विसावा मिळालाच पाहिजे, असं ती भर चौकात ठणकावते. हे प्रकरण मी आई-बाबांना वाचून दाखवलं. आई हसली. बाबा गंभीर झाले. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं!

रोबो पुण्याहून दादाने पाठवलेला. आईच्या गुडघ्यांनी संप केल्यावर फरशीचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, ते या पांढऱ्या थाळीने उचललं. बाबांनी तिचं नाव ढवळ्या ठेवलं. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोडी विकली, तेव्हापासून आमच्या केनवडच्या घरात हाकेसरशी उठणारं कुणी उरलं नव्हतं. (मीही त्यातच आले.)

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. गरम तूप-हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. त्या संध्याकाळी मी बैठकीत आले तर बाबा ढवळ्यापुढे मांडी घालून बसलेले, हातात पळसाचं पान, शेजारी वाटीत तूप-हळद.

"बाबा, हे काय?"

"खांद शेकून राह्यलो. तूच तं लेह्यलं, जो राबते त्याले विसावा पायजे."

"पण उद्या शेजारचे बैल पूजेला दारात येतील. मागून सगळी आळी घरात येईल. फरशी कोण पुसेल?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. मी घाईघाईने तत्त्वांवर घसरले. त्याला दुखत नाही, त्याला कळत नाही, त्याला जीवच नाही, असं एका दमात सांगून टाकलं. (माझ्या कादंबरीतला खलनायक अगदी हेच बोलतो.) शिवाय त्याला खांदा तरी कुठे आहे?

ही अडचण खरी होती. बाबांनी ढवळ्याला चहूबाजूंनी चाचपलं. जू बसेल अशी एकच जागा सापडली, ती म्हणजे पाठीवरचा गोल उंचवटा. तोच त्याचा डोळा! हे मी सांगेपर्यंत डोळा तुपात बुडाला होता.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं म्हणून बाबांनी त्याच्या पाठीवर मायेने थाप मारली. थाप नेमकी बटणावर पडली.

ढवळ्या निघाला. डोळ्यावर तूप, अंगभर हळद, पोटाखाली ओलं फडकं! बैठकीतून देवघरात, देवघरातून स्वयंपाकघरात, जिथे जाईल तिथे तो तूप-हळद व्यवस्थित पसरवत गेला. कामात कसूर म्हणून नाही. बाबा त्याला थोपवायला धावले आणि घसरून बसले. त्यांना उचलायला मी धावले आणि शेजारीच बसले. शेवटी तो पलंगाखाली अडकला आणि इंग्रजीत काहीतरी बोलू लागला.

"काय म्हणते तो?" आईने खुर्चीवरूनच विचारलं.

"डोळा पुसा म्हणतो."

"मंग पूस. अन् फरशी बी पूस. त्याले उद्या सुटी हाये."

तुपाने फरशी सोडली नाही. मी संध्याकाळी घासली, सकाळी घासली, आणि बैल येऊन गेल्यावर सगळ्या आळीच्या पायांचा चिखलही पुसला. ढवळ्या पाटावर बसून होता, कपाळाला कुंकू, पुढ्यात पुरणपोळी. शेजारच्या काकू मला वाकलेली बघून आईला म्हणाल्या की पोरगी एवढी कामाची असताना मशीन कायले आणली?

त्याच दुपारी मी ते प्रकरण पुन्हा उघडलं. नायिकेचं भाषण तसंच ठेवलं, एका शब्दालाही हात लावला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. फक्त तिच्या घरात, फरशी पुसायला, एक धाकटी बहीण घातली.