गाणं चालू असताना हलायचं नाही

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या शाळेचा बेसबॉल संघ शेवटच्या डावात बॅट न हलवता हरला, आणि त्याला जबाबदार मी आहे. (जळगाव जामोदमध्ये बेसबॉल खेळतात हे वाचून ज्यांना धक्का बसला, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. तो धक्का आमच्या गल्लीतल्या लोकांनाही दरवर्षी बसतो.)

बाबा तिथे क्रीडाशिक्षक आहेत. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पण क्रिकेटच्या संघात जागा नसते, म्हणून उरलेली पोरं बाबांकडे येतात. उरलेल्या पोरांचा खेळ म्हणजे आमच्याकडे बेसबॉल. हातमोजे सात आणि पोरं नऊ असली तरी शिस्तीला तोटा नाही. परिपाठाच्या वेळी भोंग्यातून गाणं सुरू झालं, की जो जिथे असेल त्याने तिथे सावधान. नाकावर माशी बसली तरी तिचं तिने उठायचं. हलणाऱ्याला मैदानाच्या दहा चकरा. तीस वर्षं हा नियम बदललेला नाही, आणि तो बदलण्याची वेळ येईल असं कुणाला वाटलंही नव्हतं.

आता माझ्याबद्दल. (हा परिच्छेद मी तीनदा खोडलाय.) माझ्या इंग्रजी शाळेत मराठी बोलायला बंदी होती आणि घरी इंग्रजी बोललं की पाहुणे हसायचे, म्हणून मी मधला मार्ग काढला आणि बोलणंच कमी केलं. पुण्याला शिकले, परत आले, आता वरच्या खोलीत बसून एका कंपनीसाठी लोकांची इंग्रजी पत्रं दुरुस्त करते. मैत्रिणींपैकी निम्म्या पुण्यात आहेत, निम्म्या लग्नात. पहाटे पाच वाजता उठून मी फोनवर अमेरिकेतले बेसबॉलचे सामने बघते, कारण तिकडे तेव्हा संध्याकाळ असते आणि स्टेडियम भरलेलं असतं. एवढ्या गर्दीत बसून चहा प्यायला मला दुसरीकडे कुठे मिळणार?

तिकडे एक पद्धत आहे. प्रत्येक बॅटर मैदानात येताना त्याचं स्वतःचं, त्याने निवडलेलं गाणं वाजतं. पुष्कळांची निवड कंट्री गाण्यांची असते, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या गाण्यांची. त्यात एक जुनी गाडी असते, एक कुत्रं, एक आई, धुळीचा रस्ता आणि निघून गेलेलं कुणीतरी. प्रेक्षकही ती तोंडपाठ म्हणतात. मला ती गाणी कळायला मुळीच वेळ लागला नाही. आमच्या खिडकीतून गाडी, कुत्रं आणि धुळीचा रस्ता रोज दिसतो. निघून जाणारे तर एसटी स्टँडवर मोजता यायचे नाहीत.

हे सगळं ऐकवायला मला एकच माणूस मिळाला. विलासकाका.

विलासकाका बाबांचे धाकटे भाऊ, बाबांनीच घडवलेले पहिले पिचर. राज्यपातळीपर्यंत चेंडू फेकून आले. मग खांदा गेला, आणि काका गायला लागले. हळदी, बारशी, सत्कार, जिथे माईक असेल तिथे काका. तिकडेही काही खेळाडू खांदा किंवा गुडघा गेल्यावर गिटार घेऊन कंट्री गायला लागतात, हे मी सांगितलं तेव्हा काकांनी आपला खांदा चाचपला.

"म्हंजे मी येकटाच नाही तं," ते म्हणाले.

मग मी माझा इअरफोन त्यांना दिला. (एक कान त्यांना, एक मला. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यांत मोठी पार्टी.) चार गाणी ऐकून त्यांनी निकाल दिला, "हे तं आपलंच हाय वं मिनू. फक्त भाषा त्याहीची." आठ दिवसांत त्यांनी त्या चालीवर स्वतःचं गाणं बांधून आणलं. मुखडा असा होता:

"गेली एसटी, राह्यली धूळ, मी उभा फाट्यावर..."

मी खाली मान घालून ऐकलं. मला वाटलं, हे गाणं माझ्यावरच केलंय. पण ते माझ्यासाठी नव्हतं. काकांना ते बाबांना ऐकवायचं होतं.

इथेच अडचण होती. बाबांनी काकांचं एकही गाणं आजवर पूर्ण ऐकलेलं नाही. काकांनी घसा साफ केला की बाबा उठतात आणि पाण्याची मोटर बंद करायला जातात. आमच्याकडे मोटर नाही. नळाला पाणी येतं. खांदा गेला त्या सामन्यात काकांचा हात दुखत असूनही बाबांनीच त्यांना आणखी एक डाव टाकायला लावला होता, असं आई एकदा म्हणाली, आणि लगेच वरणाला फोडणी द्यायला वळली. फोडणी आधीच दिलेली होती.

"येक गानं, मिनू," काका मला म्हणाले. "दादानं माहं येक गानं शेवटपर्यंत आयकलं पाह्यजे. मंग मोटर बंद कर म्हनावं नाहीतं चालू कर."

आणि मला योजना सुचली! (ज्यांना फारसं बोलायची सवय नसते, त्यांना योजना फार सुचतात.) बाबा संघाचे प्रशिक्षक, स्पर्धेचे आयोजक आणि पंचही तेच, कारण तालुक्यात दुसऱ्या कुणाला नियम माहीत नाहीत. पक्षपाताचा आरोप नको म्हणून ते आपल्याच पोरांना दुप्पट कडक असतात. मुद्दा असा, की पंचाला मैदान सोडता येत नाही. बॅटर येताना काकांनी माईकवर गायचं, बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीशी बाबा उभे, जातील कुठे?

त्या रात्री जेवताना मी आपण होऊन एक वाक्य बोलले. आईने पोळी लाटायची थांबवली. अमेरिकेत प्रत्येक बॅटरला स्वतःचं गाणं असतं, आपणही करू या, एवढंच मी म्हणाले होते. बाबा या कल्पनेवर इतके खूश झाले, की मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी शाळेत तक्ता लागला: अनुक्रमांक, खेळाडूचं नाव, गाणं. "गाणं" या रकान्यात पोरांनी काय काय लिहिलं होतं ते, सामन्याच्या आदल्या रात्री तक्ता घरी आला तेव्हा, मी बाबांच्या नकळत खोडून सगळीकडे "विलासकाका" लिहिलं. नऊ नावं झाल्यावर खाली एक ओळ रिकामी उरली. मी तिथे माझं नाव लिहिलं, पुढे माझं गाणं लिहिलं, आणि मग ते इतकं गिरवून खोडलं की कागद फाटला.

सामना अमडापूरच्या संघाशी होता. सकाळी पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारून मैदान तयार झालं, पण मंडपवाल्याचा भोंगा एका बारशाला गेला होता. तो यायला दुपार उलटली. तोपर्यंत पोरं गाण्याशिवायच खेळली आणि बरी खेळली. अमडापूर पाच, आम्ही चार, आणि शेवटचा डाव आमचा. दोन धावा हव्या होत्या. जिंकण्याची खरोखर शक्यता होती! नेमका तेव्हा भोंगा आला.

मंडपात माईकजवळ काका, शेजारी टेबलावर भोंग्याचं मशीन, आणि मशीनच्या बटणाजवळ मी. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते म्हणाले, राज्यपातळीवर पहिला चेंडू टाकतानाही एवढी धडधड झाली नव्हती. मी बटण दाबलं.

आमचा पहिला बॅटर बॅट फिरवत रुबाबात आला. भोंग्यातून काकांचा आवाज आला, "गेली एसटी..." आणि तो जागीच ताठ झाला. टाचा जुळल्या. बॅट पायाला समांतर. मागे बाकावरची आमची सगळी पोरं उभी राहिली. त्यांना बघून अमडापूरचा पिचर सावधान झाला. पहिल्या रांगेतले दोन म्हातारे काठी टेकत उठले आणि त्यांनी टोप्या नीट केल्या. चहावाल्याने गाळणी हवेत धरली. आणि कॅचरच्या मागे, तीस वर्षांच्या सवयीने, बाबा. छाती पुढे, नजर समोर, सावधान!

गाणं साडेचार मिनिटांचं होतं. साधारण तिसऱ्या मिनिटाला बाबांच्या भुवया हलल्या. हे राष्ट्रगीत नाही, प्रार्थनाही नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. अमडापूरचे सरही भानावर आले. बाहेर जीप उभी आहे, तिच्यात दुसऱ्या सवाऱ्या आहेत, खेळायचं आहे की श्रद्धांजली वाहायची आहे, असं त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं. पंच म्हणून बाबांना मान्य करावं लागलं. ते ओरडले, "प्ले!"

अमडापूरच्या पिचरला आमच्या शाळेच्या दहा चकरा माहीत नव्हत्या. त्याने चेंडू टाकला. आमचा बॅटर पुतळ्यासारखा. स्ट्राइक. पुन्हा टाकला. स्ट्राइक. तिसरा. बाद! ज्यांना नियम माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, खेळण्याजोगे तीन चेंडू असे सोडले की बॅटर घरी जातो, आणि असे तिघं गेले की डाव संपतो. हा मात्र घरीही जाईना, कारण गाणं चालूच होतं. त्याला उचलून न्यावं लागलं.

काकांचे डोळे मिटलेले होते. शेवटचं कडवं आलं तेव्हा दुसरा बॅटर म्हणून सोहेल आला. काकांना वाटलं, नवा खेळाडू, नवीन सुरुवात. ते थेट पुन्हा मुखड्यावर गेले. सोहेल सावधान झाला. बाबा त्याच्यामागून दबक्या आवाजात म्हणाले, "सोहेल, बॅट उचल."

सोहेल मान न वळवता, ओठ न हलवता म्हणाला, "सर, गानं चालू हाय."

हा नियम बाबांचाच होता, आणि गेल्याच महिन्यात सोहेलने याच नियमापायी दहा चकरा मारल्या होत्या. तीन चेंडू, तीन स्ट्राइक.

आता मी कबुली देते. बटण माझ्या हाताखाली होतं. एका बोटाचं काम! तिसरा बॅटर येत होता, बाबा मंडपाकडे बघून हाताने "बंद" अशी खूण करत होते, आमचा संघ डोळ्यांदेखत बुडत होता. पण काका अंतऱ्यात होते. आणि खूण करता करता बाबांचा हात मध्येच थांबला होता. मी बटणाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि बोट मागे घेतलं. नऊ पोरांपेक्षा मी एका काकाला निवडलं. तिसरा बॅटर सावधान उभा राहिला आणि सावधानच बाद झाला.

अमडापूरच्या पोरांनी जल्लोष केला तेव्हा काकांनी डोळे उघडले. गाणं अर्ध्यावर तुटलं. त्यांना काय झालं ते समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर त्यांनी माईक असा खाली ठेवला जसा कुणी दुसऱ्याचा हातमोजा परत करतं.

जीप गेली, पोरं गेली, भोंगाही पुढच्या बारशाला गेला. आम्ही तिघंच उरलो. बाबा मैदानातले बेस गोळा करत होते. (बेस म्हणजे भुसा भरलेली पोती.) काका वायर गुंडाळत होते, ती मंडपवाल्याची नव्हती, कुणाचीच नव्हती, पण ते गुंडाळत होते.

"दादा, पोट्टे माह्यामुळं हरले," ते म्हणाले.

खरं तर मी तेव्हाच बोलायला हवं होतं, की काका नाही, मी. मी वायरचं दुसरं टोक धरून उभी राहिले.

बाबांनी दुसरा बेस उचलला, झटकला, काखेत धरला. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "शेवटचं कडवं राह्यलं तुहं."

काकांना ऐकूनही कळेना.

"फाट्यावर उभा हायस तू," बाबा म्हणाले. "मंग पुढं काय होते? एसटी येते का नाही?"

काकांनी माईकशिवाय, मशीनशिवाय, रिकाम्या मैदानात शेवटचं कडवं म्हटलं. एसटी येत नाही. पण त्या फाट्यावर दुसरंही कुणीतरी थांबलेलं असतं. बाबा काखेत भुशाचं पोतं धरून सावधान उभे होते. सवयीने की ऐकत होते म्हणून, हे मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. मोटर बंद करायला मात्र गेले नाहीत.

घरी निघालो तेव्हा दोघं भाऊ पुढे चालत होते, काकांच्या खांद्यावर बाबांचं पोतं होतं, चांगल्या खांद्यावर. मी मागे. पुढचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि मला त्यात काही घालायचंही नव्हतं. एकदम बाबा थांबले. तो तक्ता त्यांच्या खिशात होता. त्यांनी फाटलेली दहावी ओळ उजेडाकडे धरली आणि विचारलं, "तुझंही नाव होतं का यात? कोणतं गाणं?"

पाच वर्षं पहाटे उठून मी याच प्रश्नाची वाट बघत होते. मी ताठ झाले. ओठ मिटले.

काका म्हणाले, "सांग ना वं मिनू, कोनतं?"

मी तशीच.

घर आलं. दारात आईने बहुतेक रस्त्यातलं शेवटचं वाक्य ऐकलं होतं. तिने पोतं उतरवून घेत विचारलं, "कोनतं गानं वं?"

मी नजर समोर ठेवून सरळ वरच्या खोलीत गेले. तीन प्रश्न म्हणजे तीन चेंडू, तिन्ही खेळण्याजोगे टाकलेले, आणि माझी बॅट जागची हलली नाही. बाद!