मोरपंखी टाका
आज आईच्या शिवणाच्या डब्यात मोरपंखी दोऱ्याचं रीळ सापडलं आणि सुप्याची ती वास्तुशांत आठवली. माझ्या आत्याच्या यजमानांचं, म्हणजे आतोबांचं नवं घर; ओल्या रंगाचा, होमाच्या धुराचा वास, आणि काचेच्या कपाटात वीतभर उंचीचा कॉमिकमधला सुपरहिरो. "दुबईहून मागवलाय," आतोबा होणाऱ्या व्याह्यांना सांगत होते. तो माझा होता. एका दिवाळीत आमच्या घरातून नाहीसा झाला, तेव्हा "तुझ्या आईचं ध्यानच नसतं कशात," असं हेच आतोबा चारचौघांत बोलले होते. मी अशा खेळण्यातल्या हिरोंची पारख सांगणारे व्हिडिओ करतो हे कळल्यावर व्याही म्हणाले, "मग सांगा की, कसा हाय ह्यो?" "ऱ्हाऊ द्या, पानं वाढलीत," आतोबा घाईनं म्हणाले. मला घाई नव्हती. हिरो हातात घेऊन व्हिडिओत बोलतो तसंच बोललो: बोटांची पेरंसुद्धा वळतात, दंडावरच्या शिरा वेगळ्या रंगवल्यात, माल अस्सल आहे. मग त्याची पाठ फिरवून खांद्यावरून सोडलेली कापडी झूल दाखवली. "हे मात्र कंपनीचं काम नाही. फाटली होती, तेव्हा माझ्या आईनं ब्लाऊजच्या दोऱ्यानं शिवलीय." दारातली आई पुढे आली, मोरपंखी शिवणीवरून बोट फिरवून म्हणाली, "व्हय, माझाच टाका." व्याही आतोबांकडे बघतच राहिले. आता तो हिरो परत आमच्याकडे, बैठकीत असतो. आतोबा आले की त्यांना मी समोरचीच खुर्ची देतो, आणि चहा यायच्या आत हिरोची पाठ त्यांच्याकडे करून ठेवतो.