धुक्यातली हेदर

मुलगी उद्या पहिल्यांदाच एकटी स्कीइंगला निघाली आहे. सकाळपासून मी तिच्या बॅगेभोवती उगाच घिरट्या घालतेय. "मम, हीप्स ऑफ पीपल गो अलोन," ढीगभर लोक एकटेच जातात असं म्हणत तिने सनस्क्रीनचं झाकण उघडलं, आणि त्या वासासरशी मी कित्येक वर्षांपूर्वीच्या चेअरलिफ्टवर जाऊन बसले.

तेव्हा मी पुण्याहून क्राइस्टचर्चला येऊन थोडेच दिवस झाले होते. ऑफिसमधलं कुणी यायला तयार नव्हतं, म्हणून एकटीच डोंगरावर स्कीइंगला गेले होते. लिफ्टवर शेजारी सनस्क्रीन लावत बसलेल्या, साठीच्या हेदरने विचारलं, "एकटीच का? मग माझ्याबरोबर चल. एकमेकींना दिसत राहू." मला ते लोढणंच वाटलं, पण नाही म्हणवेना.

दुपारी अचानक धुकं उतरलं आणि पुढे गेलेली हेदर दिसेनाशी झाली. फोनला रेंज नव्हती. तिला हाका मारत, उताराच्या कडेचे खुणेचे खांब बघत मी हळूहळू खाली सरकत राहिले. शेवटी एका उतारावरून बारीक आवाज आला, "इकडे!" पाय मुरगळून ती बर्फात पडली होती, थरथरत होती. तिच्या सांगण्यावरून मी वरून येणाऱ्यांना इशारा म्हणून वरच्या बाजूला स्की फुलीसारख्या रोवल्या आणि मदत येईपर्यंत तिचा हात धरून ओरडत राहिले.

माझी काळजी वाटली म्हणून तिने मला सोबत घेतलं, असंच मी इतकी वर्षं समजत होते. आज मुलीकडे बघताना लक्षात आलं, हेदरही तिथे एकटीच आली होती.